पंख्याला दिवा बसेल का?

घरातली वीज : वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की आमच्या कोल्हापुरातल्या रिवायंडिंगच्या, म्हणजे मोटरची जळालेली तार नव्यानं गुंडाळून देण्याच्या दुकानात पंखे येणं कमी होतं आणि पत्रं वाचायला सवड मिळते. ढगांनी दिवसाढवळ्या अंधारून आलेलं असतं, त्यामुळे या दिवसांतली पत्रंही उजेडाचीच असतात. यंदा तर बहुतेकांना पंख्याला दिवा जोडायचाय. ही पत्रं एकत्रच घेते, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल.

ताई, नमस्कार. आमचं घर शिवाजी पेठेत, आजेसासऱ्यांच्या काळातलं. मधल्या खोलीवर माडी आहे. पंखा खोलीच्या बरोबर मध्ये आणि ट्यूब दाराच्या वर, एका भिंतीला. सासूबाई पंख्याखाली बसून तांदूळ निवडतात, दुपारी पोथी वाचतात. ट्यूब त्यांच्या पाठीमागं येते, त्यामुळे त्यांचीच सावली ताटात पडते. धाकट्या दिरांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. परदेशात पंख्याच्या खालची टोपी काढून तिथं दिव्याचं किट बसवतात. पंधरा मिनिटांचं काम आहे म्हणतात. आपल्या पंख्याला असं किट बसेल का?
– एक गृहिणी, शिवाजी पेठ

नाही बसणार. तुमच्या दिरांनी दाखवलेला व्हिडिओ खोटा नसेल, पण त्यातला पंखा आपल्याकडचा नाही.

आपला साधा पंखा आतून कसा असतो ते सांगते, कारण पुढच्या सगळ्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे. छताच्या हुकाला रॉड, रॉडला शाफ्ट, म्हणजे मोटरचा मधला दांडा. हा शाफ्ट फिरत नाही. त्याच्यावर तांब्याच्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांचा स्टेटर घट्ट बसवलेला असतो, तोही फिरत नाही. फिरतं ते बाहेरचं कवच : वरचं झाकण, खालचं झाकण आणि त्यांना स्क्रूनं आवळलेली पाती. जात्याचा खालचा दगड बसून राहतो आणि वरचा फिरतो, तसं इथं आतलं बसून राहतं आणि बाहेरचं फिरतं. तुम्हाला खालून जी चकचकीत टोपी दिसते, ती पंखा पाचवर असताना मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे मारत असते. तिला दिवा लावला तर तोही गरगर फिरणार, आणि फिरत्या दिव्याला वायर द्यायची कुठून? वायर वरच्या बाजूनं शाफ्टच्या पोकळ भागातून आत येते आणि वाइंडिंगपाशी संपते. शाफ्टचं खालचं टोक खालच्या बेअरिंगमध्ये जाऊन थांबतं. त्याच्या पुढं वायरीला रस्ताच ठेवलेला नाही.

अमेरिकेतल्या पंख्यांत पाती लोखंडी हातांनी मोटरच्या फिरत्या भागाला जोडतात, आणि मोटरच्या खाली न फिरणारा एक डबा असतो. साखळीचा स्विच त्यातच. दिव्यासाठी वेगळी निळी वायरही बहुतेक पंख्यांत कारखान्यातूनच आलेली असते. तिथं टोपी काढून किट बसवणं खरंच सोपं.

दिरांना अजून एक गोष्ट सांगा, आणि ही जास्त काळजीची आहे. तिकडं काळी वायर म्हणजे फेज (वीज आणणारी, शॉक देणारी) आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल (परतीची). आपल्याकडं काळी म्हणजे न्यूट्रल. लाल, पिवळी, निळी या फेजच्या आणि हिरवी अर्थिंगची. म्हणजे त्यांची निळी दिव्याची, आपली निळी फेजची. त्यांच्या घरातला पुरवठा 120 व्होल्टचा, आपला 230 चा. बल्बचा होल्डरसुद्धा वेगळा : त्यांचा आट्यांचा, आपला बहुतेक ठिकाणी दोन पिनांचा. व्हिडिओ बघून पंखा पुसायला हरकत नाही, वायर जोडायला नको.

आता तुमच्या सासूबाईंचं. ट्यूब पाठीमागं आहे, हे तुम्हीच लिहिलंय, आणि दुखणं तेच आहे. डोक्यावरून आलेला उजेडसुद्धा मान खाली घातल्यावर डोक्याचीच सावली ताटात पाडतो, तेव्हा पंख्याखाली दिवा लावून त्यांना निम्माच फायदा झाला असता. त्यांना उजेड समोरून किंवा डाव्या बाजूनं हवा. उजव्या हातानं निवडतात असं धरून डावी बाजू म्हणते. डावखुऱ्या असतील तर उजवी.

त्या जिथं बसतात तिथून समोरची किंवा डावीकडची भिंत निवडा आणि दिवा पात्यांच्या पातळीच्या खाली बसवा. माडी असलेल्या जुन्या खोल्यांत पाती बऱ्याचदा जेमतेम साडेसात-आठ फुटांवर येतात. अशा खोलीत दिवा जमिनीपासून साडेसहा ते सात फुटांवर घ्यावा. पात्यांच्या खाली असला की पंख्याची सावली तांदळावर नाचत नाही. आणि एवढ्या बुटक्या खोलीत पंख्याखाली वीतभर दिवा लोंबकळवणं तसंही बरं नव्हे. पोराला खांद्यावर घेऊन कुणी मधून गेलं म्हणजे? पात्यांच्याखाली आठ फूट मोकळे असावेत असा माझा आग्रह असतो. तुमच्याकडं तेवढे नसतील तर पंख्याचा रॉड आखूड करून घ्या, मात्र पाती आणि छत यांत फूटभर अंतर राहू द्या. त्याहून कमी ठेवलं तर पंखा वारा ओढणार कुठून?

दिवा कसला घ्यायचा? खोलीला उजेड आहेच, फक्त बसायच्या जागेला हवाय, तर 9 ते 12 वॅटचा एलईडी पुरे. 9 वॅटचा चांगला बल्ब साधारण 900 ल्यूमेन (हे उजेडाचं माप) देतो. चार फुटी 20 वॅटची एलईडी पट्टी 2000 च्या आसपास देते, पण ती तोंडासमोर आली तर डोळ्यांवर चमकते. बल्ब दुधी काचेच्या ब्रॅकेटमध्ये घाला. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 3000 पिवळसर, 6500 निळसर पांढरा. मी 4000 चा घेईन. तांदळातला खडा पांढऱ्या उजेडात पटकन दिसतो हे मान्य, पण तासभर पोथी वाचायची तर 6500 मला तरी सोसत नाही.

वायरिंग जुनं असेल, लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकलेलं, तर वायरमनला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, दिव्याला बोर्डावर स्वतंत्र स्विच आणि बोर्डापासून स्वतंत्र फेज. तांब्याची 1 स्क्वेअर एमएमची वायर या दिव्याला भरपूर झाली, ती पांढऱ्या पीव्हीसी पट्टीतून तुळईच्या कडेनं नेली की डोळ्यांत खुपत नाही. दोन, जुनी वायर अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची पिळून वर टेप गुंडाळू द्यायचा नाही. असा सांधा दिवस गेले की सैल पडतो, तापतो आणि काळा पडतो. कनेक्टर लावायला लावा. खरं तर अशा वायरी सगळ्याच बदलायच्या लायकीच्या असतात, आणि खाली पट्टी, वर माडी म्हणजे सगळं लाकूडच लाकूड. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, दिरांकडून नको. त्यांना स्टूल धरायला उभं करा.

ताई, माझा उद्यमनगरात लेथ आहे. माझी कल्पना अशी : पंख्याच्या शाफ्टला आरपार भोक मारायचं, त्यातून 6 एमएमचा पाइप खाली काढायचा, टोपीला मधोमध भोक ठेवायचं आणि त्या पाइपला दिवा. पाइप फिरणार नाही, दिवा फिरणार नाही. कंपनीवाले हेच करतात ना? मग आम्ही का करू नये?
– एक कारखानदार, शिवाजी उद्यमनगर

उद्यमनगरातल्या माणसाला "हे होणार नाही" म्हणायचं म्हणजे त्याला सुपारीच देण्यासारखं, हे मला माहीत आहे. होईल. तुम्ही ते सुबकही कराल. तरी करू नका.

खालून दिवा असलेले पंखे कंपन्या असेच बनवतात हे बरोबर. पण ते शाफ्ट मुळातच पोकळ आणि जाड घेतात आणि बेअरिंगही त्या मापाची निवडतात. आपल्या साध्या पंख्यात वर बहुधा 6202 आणि खाली 6201 बेअरिंग असते. ही मापं तुम्हाला मी काय सांगायची? 6201 चं आतलं भोक 12 एमएम. म्हणजे खाली तुमचा शाफ्ट 12 एमएमचा. 6 चा पाइप सरकायला 7 चं भोक धरा, भिंत उरली अडीच एमएम, तीही भोक एक धागाही सरकलं नाही तर. वरच्या बाजूला वायरीसाठी आधीच आडवा गाळा कोरलेला असतो, तिथं काय उरेल बघा. पंख्याचं फिरतं कवच, पाती आणि त्यांचा सगळा झोक याच शाफ्टच्या आधारानं लोंबत असतो, आणि खाली माणसं जेवायला बसलेली असतात.

शिवाय आतलं भांडण वेगळंच. पाइप उभा, टोपी फिरती, दोघांत केसभर फट. पाइप जरा तिरका झाला की टोपी त्याला घासणार आणि आधी पाइप, मग आतल्या वायरीचं इन्सुलेशन खाणार. त्यानंतर 230 व्होल्ट पंख्याच्या अंगावर. टोपीला भोक पाडलं की बेअरिंगमध्ये धूळ जाणार हे तर आहेच. असे "सुधारलेले" पंखे दुकानात येतात, तेव्हा आधी माझा हात टेस्टरकडं जातो.

तुमच्याकडं लेथ रिकामा असेल तर एक काम करा, माझ्याकडून कौतुक घ्या. जुन्या घरांत तुळईला लागणारे पंख्याचे क्लँप बाजारात धड मिळत नाहीत. 12 एमएमच्या सळईचा हूक आणि खाली जाड पत्ती, आरपार बोल्टनं तुळईला आवळता येईल असा, तुम्ही बनवाल तर पेठांतले वायरमन तुमच्या दारात रांग लावतील.

नवीन फ्लॅटमध्ये पीओपी करून घेतलं. पंख्याभोवती चौकोनात चार गोल एलईडी बसवले. दिसतं छान, पण संध्याकाळी पंखा लावून तिथं बसलं की अर्ध्या तासात डोकं चढतं. मुलगी म्हणते भिंत हलतेय. दिव्यात दोष आहे का? इलेक्ट्रिशियन म्हणतो ब्रँडेड आहेत, दोष नाही.
– नागाळा पार्क

दिवे चांगलेच असणार. दोष जागेचा आहे.

हिशेब करा. पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. पाती तीन. पात्यांच्या वर असलेल्या दिव्याचा उजेड सेकंदाला सतरा-अठरा वेळा तुटतो. पंखा दोनवर ठेवला तर तुटणं कमी वेळा, पण जास्त ठळक. तुमच्या मुलीला भिंत हललेली दिसते ती यामुळं. अर्धशिशी असलेल्या माणसाला हा उजेड फार त्रासाचा. आणि घरात कुणाला फिट येत असेल तर हे गमतीत घेऊ नका : लुकलुकत्या उजेडानं काहींना फिट येऊ शकते, आणि हा वेग त्याच टापूत येतो. त्यांच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा.

आपल्याकडचा नेहमीचा पंखा 1200 एमएमचा, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत दोन फूट. चारही दिवे मध्यापासून दोन फुटांच्या आत असतील तर ते पात्यांच्या डोक्यावरच आहेत. पण वर्तुळाच्या बाहेर नुसतं फूटभर सरकवून भागत नाही, हे बरेच पीओपीवाले विसरतात. समजा दिवा पात्यांपेक्षा फूटभर उंच आणि टोकापासून फूटभर लांब. तर पंख्याच्या पलीकडं जाणारा तिरका उजेड पात्यांतूनच जातो, आणि समोरच्या भिंतीवर सावल्या नाचतात. म्हणून छतावरचे दिवे जितके भिंतीजवळ तितके बरे, आणि प्रत्येक दिव्यानं आपल्याच बाजूला उजेड द्यावा असं बघावं. सगळ्यात उत्तम म्हणजे पात्यांच्या खालच्या पातळीवर, भिंतीला.

पीओपी फोडायच्या आधी एक करा. रात्री सगळे दिवे घालवून पंखा चालू ठेवा. जळमटं काढायच्या काठीला मोबाइलचा टॉर्च बांधून भिंतीलगत वेगवेगळ्या उंचीवर धरा आणि दुसऱ्या कुणाला नेहमीच्या जागी बसवा. जिथं सावली नाचणं थांबतं ती तुमची जागा. चालू पंख्याजवळ स्टुलावर मात्र चढायचं नाही, काठीही पात्यांकडं न्यायची नाही. बहुतेक घरांत यातूनच कळतं की मधले चार दिवे वेगळ्या स्विचवर टाकायचे, पंखा बंद असेल किंवा पाहुणे आले असतील तेव्हाच लावायचे, आणि रोजच्याला भिंतीवर एक-दोन घ्यायचे. मधले काढून भोकं बुजवायचा खर्च वाचतो.

पंख्याच्या वरच्या वाटीत कनेक्टर असतो. गल्लीतल्या पोरानं तिथूनच दोन वायरी काढून एक होल्डर लोंबता सोडला. बल्ब लागतो, पण पंखा कमी केला की बल्ब फडफडतो आणि गुणगुण आवाज येतो. दोन बल्ब गेले. बल्ब कुठल्या कंपनीचा घ्यावा?
– फुलेवाडी

कुठल्याही कंपनीचा घ्या, जाणारच. त्या कनेक्टरवर येणारी फेज रेग्युलेटरमधून आलेली असते. रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करताना विजेची लाट कापतो किंवा व्होल्टेज पाडतो. पंखा ते सोसतो, एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, सोसत नाही. तो धडपडतो, गुणगुणतो आणि मरतो. त्याशिवाय डिसेंबरात उजेडासाठी पंखा लावून बसायचं, हे तुमच्या लक्षात आलंय का अजून?

तो होल्डर आजच काढा. मेन बंद करून, वायरमनकडून. त्या लोंबत्या वायरी पात्यांपासून किती लांब आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, आणि मला विचारायचंही धाडस होत नाही. त्या वाटीतला कनेक्टर एवढासा असतो, त्यात चार वायरी कोंबल्या की कुठलीतरी एक अर्धवट पकडली जाते.

दिवा घ्यायचाच असेल तर बोर्डातून, रेग्युलेटरच्या आधी, त्याच्या स्वतःच्या स्विचवरून. स्लॅबमधल्या पाइपात जागा असेल तर वायरमन स्प्रिंग घालून एक जादा वायर ओढून घेतो. पाइप दबलेला असला तर पट्टीला पर्याय नाही.

राजारामपुरीत भाड्यानं राहतो. मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. खालून दिवा असलेला नवा पंखाच घ्यावा म्हणतोय, जाताना काढून नेईन. घेताना काय बघू?
– एक प्राध्यापक

तुमच्यासाठी हाच रस्ता योग्य. आमच्या दुकानाचं नुकसान करून सांगते : बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचा घ्या. रिवायंडिंगवाल्याला त्यात काही मिळत नाही, बिघडतो तो सर्किट बोर्ड. पण जुना पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हा 30 च्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. इन्व्हर्टरवर तर फरक लगेच कळतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

तुमच्या पॉइंटला वरून दोनच वायरी येत असतील, फेज आणि न्यूट्रल. पंख्याला एक स्विच आणि दिव्याला दुसरा हवा असेल तर तिसरी वायर लागते आणि मालकांचा खिळा आडवा येतो. म्हणून रिमोटवर दिवा आणि पंखा दोन्ही चालणारा घ्या, त्याला दोन वायरी पुरतात. अर्थिंगची हिरवी वायर पॉइंटपर्यंत आलेली असेल तर ती जोडायला सांगा, लोंबती ठेवू देऊ नका. बोर्डावरचा जुना रेग्युलेटर मात्र मधून काढून फेज सरळ द्यावी लागते. "पाचवर ठेवा, चालतंय" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. घरात कुणीतरी एक दिवस तो फिरवतंच आणि बोर्ड जातो. काढलेला रेग्युलेटर डब्यात ठेवा, घर सोडताना मालकांना परत बसवून द्यावा लागेल.

दुकानात आधी विचारा : दिवा गेला तर काय? काहींत साधा होल्डर असतो, बल्ब कुठंही मिळतो. काहींत एलईडीची चकती आतच बसवलेली असते, ती त्याच कंपनीची लागते. मी होल्डरवाला घेईन. मग वजन बघा. साधा पंखा चार-पाच किलोचा, दिवेवाला त्याहून जड भरतो. चढवायच्या आधी वायरमनला हूक बघायला सांगा : 10-12 एमएमची सळई असावी, गंजून बारीक झालेली नसावी, स्लॅबमध्ये हलत नसावी. शॅकलमधला, म्हणजे पंखा हुकात अडकवायच्या कडीतला रबरी गुटका नवा घाला आणि बोल्टला स्प्लिट पिन (बोल्ट सुटू नये म्हणून घालायची पिन) घातल्याशिवाय त्याला खाली उतरू देऊ नका. ही पिन काही रुपयांची असते आणि कायम वायरमनच्या खिशातच राहते.

शेवटी उंची. दिव्यामुळं पंखा खाली येतो. पलंगावर उभं राहून मच्छरदाणी बांधायची सवय असेल तर पलंग आधी बाजूला घ्या.

आमचं तळमजल्याचं घर दुधाळी भागात. 2019 आणि 2021 दोन्ही पुरात पाणी खिडकीपर्यंत होतं. बोर्ड नंतर वर घेतले. आता खोलीत एक दिवा वाढवायचाय, जुन्याच पाइपातून वायर ओढली तर चालेल?

वायर ओढण्याआधी पाइपातल्या जुन्या वायरींची मेगरनं तपासणी करून घ्या. हे साधं टेस्टर लावून कळत नाही. मेगर हे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं वेगळं यंत्र, वायरमनकडं नसेल तर तो कुणाकडून तरी आणू शकतो. इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या खाली आलं तर तो पाइप रिकामा करून सगळ्या वायरी नव्या घालायच्या. पंचगंगेचं पाणी ओसरतं, पण पाइपात गाळ राहतो आणि तो पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. बोर्ड वर घेतलात हे शहाणपणाचं केलंत, पण बोर्डातून खाली उतरणारे पाइप अजून भिंतीतच आहेत. नवी वायर छतातून किंवा वरच्या अंगानं पट्टीत घ्या, खालून नकोच. आणि मेनपाशी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर दिव्याच्या आधी तो बसवा. एमसीबी (वायरीवर जादा भार आला की पडणारी) असली तरी तो लागतो. दोघांची कामं वेगळी : एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस.

स्विच बंद केला तरी रात्री एलईडी मंद जळत राहतो. भूतबाधा नाही हे माहीत आहे.
– मंगळवार पेठ

बरं झालं आधीच सांगितलंत. स्विचवर लाल इंडिकेटरचा ठिपका असेल तर त्यातून झिरपणाऱ्या विजेवरच एलईडी मंद पेटतो. साधा स्विच लावला की जातो. इंडिकेटर नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलाय का ते बघायला लावा. स्विच बंद ठेवून होल्डरपाशी वायरमननं टेस्टर लावला आणि तो पेटला, तर तेच आहे, आणि मग ते लगेच उलटं करून घ्या. बंद समजून बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला त्या होल्डरमध्ये फेज भेटते. त्याच बोर्डावर पंख्याचा स्विच असेल तर तोही तपासा. एक उलटा निघाला की शेजारचाही बऱ्याचदा उलटा निघतो, कारण दोन्ही एकाच हातानं जोडलेले असतात.